एकच ठेवायची

तात्यांकडे स्पोर्ट्स कार नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्याशी पंधरा मिनिटं बोललेला माणूस जाताना हमखास विचारतो, "गाडी बघायला मिळेल का?" गॅरेज आहे. गॅरेजला शटर आहे, शटरला दोन कुलपं आहेत, आत दोन ट्यूबलाइट आहेत, टायरात हवा भरायचं यंत्र आहे आणि काच पुसायची सहा मऊ फडकी खिळ्याला टांगलेली आहेत. फक्त गाडी नाही. ती ठरायची आहे.

अष्टागरात, म्हणजे आमच्या अलिबाग, नागाव, चौल, रेवदंड्याच्या पट्ट्यात, वाडीचा तुकडा मुंबईकराला विकलेला माणूस पुढे काय करतो याचा एक ठरलेला क्रम आहे. आधी घराला स्लॅब घालतो, मग पांढरी मोठी गाडी घेतो, मग उरलेल्या वाडीत चार खोल्या बांधून 'घरगुती जेवण मिळेल' असा बोर्ड लावतो. तात्यांनी क्रम मोडला. पोरांचं पोरांना देऊन झाल्यावर जे उरलं त्यात गाडी घ्यायची, आणि घ्यायची तर स्पोर्ट्स कारच, असं त्यांनी जाहीर केलं. उरलं किती ते कुणाला सांगत नाहीत. पण "पोर्शे ताणून बसते, फेरारी वापरलेली असेल तरच बसते" असं ते बोलून गेले, त्यावरून गावाने आकडा काढलेला आहे.

तात्या एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, पनवेल, अधूनमधून वस्तीची गाडी. विनाअपघात सेवेचा बिल्ला आहे, तो देवघराशेजारी आहे. आयुष्यभर स्पीड लॉक लावलेली बस हाकलेल्या माणसाला ताशी तीनशेचा काटा असलेली गाडी कशाला हवी, हा प्रश्न त्यांना सगळ्यांनी विचारून झाला आहे. त्यांचं उत्तर ठरलेलं: "वेग नकोय रे मला. वेगाची शक्यता हवीय."

आणि एकच का? दोन बऱ्यापैकी गाड्या येतील त्या पैशात. तर म्हणाले, "एकतीस वर्षं मी रोज वेगळी गाडी चालवली. डेपोत गेलो की कंट्रोलर सांगेल ती. आज क्लच कडक, उद्या स्टिअरिंग ओढतंय, परवा वायपर नाही. सीट माझ्या मापाला लावून घ्यावी तर दुसऱ्या दिवशी ती गाडी रोह्याला. आता एकच ठेवायची. माझी. सीट एकदा लावली की मरेपर्यंत कुणी हलवायची नाही."

एवढं स्पष्ट ठरलेल्या माणसाचं चार वर्षांत काही ठरत नाही.

याला मुख्य कारण म्हणजे तात्या गाडी जगातल्या कुठल्याही मासिकाच्या कसोटीवर घासत नाहीत. शून्यापासून शंभरला किती सेकंदांत जाते, हे त्यांच्या लेखी शेवटचं. त्यांच्या कसोट्या दोन: नारळ आणि खारा वारा.

नारळाची कसोटी दुहेरी आहे. पहिली खालून. साध्या गाडीच्या पोटाखालून असोला नारळ आडवा ठेवला तर कसाबसा जातो. स्पोर्ट्स कारच्या पोटाखाली सोललेलासुद्धा अडतो. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर पहिलीचा पोटाखालचा उंचावा एकशेसत्तरच्या आसपास, दुसरीचा एकशेवीस, कधी त्याहून कमी. पण तात्या मिलिमीटर वापरत नाहीत. "ही असोल्याची, ती सोललेल्याची," एवढ्यावर त्यांचं काम भागतं, आणि आमच्याकडच्या स्पीडब्रेकरांच्या बाबतीत हे माप अधिक अचूक आहे असं माझंही मत झालं आहे. वडखळपासून अलिबागपर्यंतच्या आणि तिथून रेवदंड्यापर्यंतच्या प्रत्येक स्पीडब्रेकरची त्यांनी अशी प्रतवारी केलेली आहे. काही सोललेल्याचे आहेत, बरेचसे असोल्याचे. एका शाळेसमोरचा तर, ते म्हणतात, पेंडीचा आहे.

दुसरी कसोटी वरून. तात्यांच्या अंगणात सतरा माड. उघड्या टपाच्या गाडीचं चित्र दाखवलं की ते आधी वर बघतात.

खारा वारा हा प्रश्न त्याहून मोठा. समुद्रापासून तीनशे पावलांवर लोखंडाचं आयुष्य किती, हे डेपोत बसचे पत्रे सडताना पाहिलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. "पोर्शे जर्मनीत बनते," तात्या म्हणतात, "तिला पोळ्याच्या सुमाराला अष्टागरात आणून उभी करा, संक्रांतीला बिजागऱ्या कुरकुरतील."

या कसोट्यांतून पहिल्यांदा कुणी पार पडलं असेल तर ती सॅन स्टॉर्म. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात बनलेली, दोन माणसांची, उघड्या टपाची, बाराशे सीसीच्या आतलं रेनोचं इंजिन, ताकद साठेक घोड्यांची. आपल्याकडे स्पोर्ट्स कार हा शब्द लोक फक्त सिनेमात ऐकत होते तेव्हा शेजारच्या गोव्यात ही तयार होत होती आणि आपल्याला पत्ता नव्हता, याचं तात्यांना अजून वाईट वाटतं. पण त्यांचा जीव जडला तो साठ घोड्यांवर नव्हे. गाडीचं अंग फायबरग्लासचं! गंजायचा प्रश्नच नाही. शिवाय धक्का बसला, तडा गेला, तर कंपनीला पत्र लिहायला नको. खाडीवर होड्यांना फायबर मारणारा कारागीर आहे. तो मारील. तात्या त्याला जाऊन विचारूनही आले. तो म्हणाला, "मारतो की. पण खालून डांबर लावू का?"

दीड महिना सॅन स्टॉर्म राहिली. गॅरेजवर नारळ पडू नये म्हणून पत्र्यावर जाळीसुद्धा ठोकली. मग एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की ही गाडी मुळातच थोडी बनली, आणि जी बनली त्यांतली चांगली अवस्थेतली ज्याच्याकडे आहे तोही तात्यांसारखाच माणूस असणार. म्हणजे एकच ठेवणारा. तो विकणार नाही. "आणि विकणारा असला," ते म्हणाले, "तर त्याची गाडी मी घेणार नाही."

मग मझदाची एमएक्स-फाइव्ह आली. १९८९ साली निघाली, दहा लाखांवर खपली, हलकी, साधी, पुढे इंजिन, मागे ओढ, हातात गिअर. मी ती सुचवली तेव्हा मला वाटलं होतं की प्रकरण मिटलं. तात्यांना चित्र एवढं आवडलं की त्यांनी ते पाकिटात ठेवलं. पण ती आपल्याकडे कंपनीने कधी विकायला आणलीच नाही. वापरलेली परदेशातून आणावी तर तीन वर्षांहून जुनी आणता येत नाही, स्टिअरिंग उजवीकडेच हवं, आणि गाडीच्या किमतीहूनही जास्त कर सरकारला. पूर्वी १९५० च्या आधीच्या गाडीला मात्र एक वाट होती. २०२५ मध्ये सरकारने ती पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना खुली केली. तात्यांनी लगेच हिशोब मांडला. १९८९ अधिक पन्नास. म्हणजे २०३९. "मी तेव्हा ब्याऐंशीचा," ते म्हणाले आणि थोडा वेळ गप्प बसले. त्या गप्प बसण्यात निराशा नव्हती. ते खरोखर शक्यता तपासत होते.

शनिवारी सकाळी तात्या सापडायचे असतील तर मांडव्याला सापडतात. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली, म्हणून तात्यांच्या संशोधनाला समुद्रमार्गे माल येतो. आधी मुंबईच्या भारी गाड्या पेणच्या खड्ड्यांना भिऊन घरीच राहत. आता तासाभरात बोटीच्या पोटातून थेट आमच्याकडे उतरतात. तात्या जेट्टीवर, टपरीच्या सावलीत, मांडीवर वही घेऊन बसलेले असतात. वही लॉगशीटसारखी आखलेली: गाडी, रंग, टायर, पोट (असोला की सोललेला), उतारावर घासली का, आणि शेवटच्या रकान्यात 'चालक'. या शेवटच्या रकान्यातले शेरे मी चोरून वाचले आहेत. 'क्लचवर पाय ठेवून बसतो.' 'आवाज काढतो, गाडी काढत नाही.' 'बायको चांगली चालवते, हा उगाच बसलाय.' एका पिवळ्या गाडीपुढे नुसतंच लिहिलं होतं: 'यास हलके वाहनही देऊ नये.'

जेट्टीवरून सुटलेल्या गाड्या चोंढीपर्यंत गुरगुरत जातात आणि पुढे शनिवारच्या गर्दीत सापडतात. तिथे साडेतीन कोटींची गाडी, भाज्यांचा टेम्पो आणि अलिबाग डेपोची लालपरी एका वेगाने चालतात. लालपरीचा ड्रायव्हर तात्यांना ओळखतो. वरून खाली बघून, शेजारच्या गाडीकडे बोट दाखवून विचारतो, "तात्या, ही का?" तात्या मान हलवतात. "दार वर उघडतं रे तिचं. काकू साडीत बसायची कशी?"

काकूंचं या सगळ्यावर मत काय, असं विचारण्यात अर्थ नाही. त्यांनी गॅरेजचा ताबा केव्हाच घेतला आहे. उन्हाळ्यात पांढऱ्या कांद्याच्या माळा शटरच्या आतल्या दांडीला लटकतात, पावसाच्या तोंडावर सुपाऱ्या आत येतात, आणि गणपतीनंतर मखर तिथेच उभं असतं. मध्ये एकदा तात्या कौतुकाने म्हणाले, "लग्न ठरवताना मी दहा मिनिटं घेतली नाहीत. पोहेसुद्धा पुरे खाल्ले नव्हते." काकू सुपाऱ्या वर-खाली करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "त्याचीच भरपाई चाललीय."

२०२४ च्या डिसेंबरअखेरीस रेवदंड्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांची एक फेरारी वाळूत रुतली. रुतली म्हणजे चाकं फिरतात, वाळू उडते आणि गाडी आणखी बसते, तशी. ढकलून झालं, हिसडे देऊन झाले; शेवटी बैलगाडी आणली, दोर बांधला, आणि बैलांनी ती बाहेर काढली. त्याची चित्रफीत देशभर फिरली. लोक हसले. आमच्याकडे फारसं कुणी हसलं नाही. भरतीच्या वेळी पुळणीत गाडी घालणारे लोक आम्ही दर रविवारी बघतो, फरक फक्त गाडीच्या किमतीचा.

तात्यांनी मात्र ती चित्रफीत तीस-चाळीस वेळा पाहिली आणि रात्री साडेदहाला मला बोलावून घेतलं. "फेरारीचं चिन्ह काय?" मी म्हटलं, घोडा. "लॅम्बोर्गिनीचं?" बैल. "बघ म्हणजे!" त्यांचे डोळे चमकत होते. "हा लॅम्बोर्गिनी मूळचा ट्रॅक्टरवाला. लढाईनंतर ट्रॅक्टर बनवून मोठा झाला. असं म्हणतात की स्वतःच्या फेरारीचा क्लच धड नाही म्हणून तक्रार घेऊन गेला, तर फेरारीने त्याला सुनावलं, तू ट्रॅक्टर चालव. त्या रागावर त्याने १९६३ मध्ये स्वतःची गाडी काढली आणि तिच्यावर बैल बसवला. साठ वर्षं भांडण चाललंय. आणि निकाल कुठे लागला? रेवदंड्याला!"

त्या रात्री लॅम्बोर्गिनी ठरली. शेतकऱ्याचा माणूस, क्लचवरून भांडणारा, आपल्या जातकुळीचा. सकाळी बाद झाली. किंमत तर होतीच, पण तात्यांचं कारण वेगळं होतं. ज्याच्या घरी बैल होते त्याने बैलाचं चित्र लावलेली गाडी घ्यावी आणि बैल विकलेले असावेत, हे त्यांना बरं वाटेना. वाडीतल्या विहिरीवर एके काळी रहाट होता, त्याला जुंपलेला बैल त्यांना नावाने आठवतो.

मधल्या काळात पुण्याकडे बनलेली डीसी अवंती येऊन गेली. २०१२ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात पडदा उघडला तेव्हाचं कात्रण तात्यांनी जपलेलं आहे. ती चार दिवस टिकली. जॅग्वारची एफ-टाइप मात्र चार महिने. २००८ पासून जॅग्वार टाटांची, म्हणून तात्या तिला स्वदेशी धरत. ती बनवायचीच बंद झाली २०२४ मध्ये, तेव्हा त्यांनी एक दिवस दाढी केली नाही.

मला सुरुवातीला वाटायचं की हा नुसता छंद आहे, निवृत्तीनंतर वेळ घालवायचा. एकदा आम्ही दोघं माझ्या स्कूटरवरून मुरूडला निघालो. रेवदंड्याची खाडी ओलांडली, साळाव गेलं, कोर्लई उजवीकडे राहिली, आणि काशीदच्या अलीकडे जिथे वळण घेतल्यावर एकदम समुद्र उघडतो तिथे तात्या माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "थांब." मी थांबलो. ते उतरले, रस्त्याच्या कडेला गेले आणि बराच वेळ उभे राहिले. परत येऊन म्हणाले, "हजारो वेळा गेलो असेन इथून. मासळीच्या पाट्या घेऊन, शाळेची पोरं घेऊन, लग्नाचं वऱ्हाड घेऊन. इथे थांबा नाही, म्हणून कधी थांबलो नाही." पुढे नांदगावपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या मागच्या ब्रेकचा लायनर गेलाय."

सध्या पोर्शे ९११ चालू आहे. हिच्याविषयी तात्यांच्या मनात पहिल्यापासून अढी होती, कारण इंजिन मागे. "ड्रायव्हरच्या डाव्या पायाशी इंजिन तापलं नाही तर गाडी चालू आहे हे कळणार कसं?" पण नावाची गोष्ट कळली आणि विरघळले. १९६३ साली फ्रँकफर्टला ती मांडली तेव्हा तिचं नाव होतं ९०१. पेजो कंपनी म्हणाली, मध्ये शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे. मग पोर्शेने शून्याचा एक केला. "म्हणजे नंबरावरून भांडण तिकडेही होतं तर!" तात्यांना पेणच्या आरटीओत एमएच ०६ नंतरचे कुठले आकडे मागायचे हे तेव्हापासून पाठ झालं आहे. शिवाय साठ वर्षं तीच आकृती, तेच मागचं इंजिन. लोक सांगत राहिले हे चूक आहे, ते चूकच सुधारत राहिले. "असा माणूस मला आवडतो," ते म्हणाले. गाडीला माणूस म्हणाले म्हणजे प्रकरण पुढे गेलेलं असतं.

परवा संध्याकाळी नारळ मागायला गेलो. शटर अर्धं वर होतं, आत उजेड होता. वाकून पाहिलं. गॅरेजच्या जमिनीवर चुन्याने गाडीची आकृती आखलेली होती, खऱ्या मापाची; साडेचार मीटर लांब, दोन मीटरला थोडी कमी रुंद. तिच्याखाली जुन्या आकृत्यांच्या पुसट रेघा दिसत होत्या: सॅन स्टॉर्मची आखूड, जॅग्वारची लांबट नाकाची, लॅम्बोर्गिनीची एका रात्रीची. आकृतीच्या पोटात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या शेजारी शेजारी. उजवीकडच्या खुर्चीत तात्या, पाय लांब सोडून. दार उघडायला भिंतीपासून जागा पुरते का, ते बघायचं होतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

काकू चहाचे दोन पेले घेऊन घरातून आल्या आणि सरळ चालत आल्या.

"अहो, बॉनेटवरून काय येता! दारातून या."

काकू थांबल्या. खाली पाहिलं. मग काही न बोलता मागे गेल्या, चुन्याच्या रेघेला वळसा घालून डाव्या बाजूला आल्या, कोपराने हवेत दार उघडलं, साडी सावरून बसल्या आणि दार ओढून घेतलं. पुढच्या रेघेच्या आत सुपाऱ्यांची टोपली होती. तात्यांनी तिच्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहिलं.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "इंजिन मागे ना हिचं? मग डिकी पुढेच."

तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटतं, चार वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं. काकूंनी एक पेला त्यांच्या हातात दिला, दुसरा स्वतः धरला आणि चमच्याने त्याच्या काठावर दोन टोले दिले. टिंग टिंग.

तात्यांनी गिअर टाकला. नेमकी तेव्हाच त्यांची नजर शटरखालून वाकलेल्या माझ्यावर गेली. मी हात केला. त्यांनी वेग कमी न करता मान हलवली आणि अंगठा खांद्यावरून मागे दाखवला: मागून रिकामी गाडी येतेय.